आडनावाची पैज आणि सातबाऱ्यावरचे नाव



लावणी आटोपली, बांधबंदिस्ती झाली की श्रावणात हाताला थोडी उसंत मिळते. संध्याकाळी कुणाच्या तरी ओटीवर चार माणसे जमतात. भाताचा रंग, मासळीचा भाव, मुलांच्या नोकऱ्या असे बोलणे होता होता गोष्ट आडनावावर येते. कुणी म्हणतो, "आमच्या आडनावाचे घर साऱ्या महाराष्ट्रात दुसरे सापडायचे नाही." दुसरा लगेच म्हणतो, "लावतोस पैज?" शहाळ्यांची नाहीतर चहाभजीची पैज लागते आणि मग रात्री नऊपर्यंत वाद चालतो. निकाल मात्र लागत नाही. कारण पैज कशावर आहे हेच आधी ठरलेले नसते.

ही पैज वाईट नाही. पैसा जात नाही, भांडण होत नाही, आणि नीट खेळली तर घरातले जुने कागद पेटीतून बाहेर निघतात. ते कागद बाहेर निघावेत यासाठीच आजचा लेख आहे. पैज कशी सोडवावी ते पाहू, आणि त्या निमित्ताने आपल्या सातबाऱ्यावरचे नावही तपासू.

पैजेचे नियम आधी ठरवा

"आमचे आडनाव कुठेच नाही" हे म्हणणे सोपे, पण सिद्ध करणे अशक्य. शंभर गावे धुंडाळली तरी एकशे एकाव्या गावात ते घर निघू शकते. उलट "आहे" हे सिद्ध करायला एकच घर पुरते. म्हणून पैज अशी मांडावी : "अमुक आडनावाचे, आमच्या भावकीबाहेरचे एक घर येत्या नारळी पौर्णिमेपर्यंत शोधून दाखव." शोधण्याचे काम नाही म्हणणाऱ्याचे नव्हे, आहे म्हणणाऱ्याचे. मुदत संपली आणि घर सापडले नाही, तर शहाळी त्याने द्यावीत.

दुसरा नियम क्षेत्राचा. गाव, तालुका, जिल्हा की राज्य, हे आधीच बोलून घ्यावे. पेण तालुक्यात एकुलते एक असलेले आडनाव घाटावर गावभर असू शकते.

तिसरा नियम अक्षरांचा. 'केणी' आणि 'केनी' एक धरायचे की दोन? 'ठाकूर' आणि 'ठाकुर' यांत फरक फक्त लिहिणाऱ्याच्या हाताचा आहे. पण 'भोईर' आणि 'भोयर' ही दोन वेगळी आडनावे आहेत. तेव्हा घरातल्या सर्वांत जुन्या कागदावर जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे.

चौथा नियम मोजणीचा. माणसे मोजू नयेत, घरे मोजावीत. एकाच घरात वीस माणसे असली म्हणून आडनाव मोठे होत नाही.

शोध घ्यायला साधने हाताशी आहेत. मतदार याद्या केंद्रवार मिळतात. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत आजोबा-पणजोबा सापडतात. गावची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, जिला आपण कोतवाल बुक म्हणतो, ती तालुक्याच्या अभिलेख कक्षात असू शकते. पण तिथे एक गंमत तुमच्या ध्यानात येईल. जितके मागे जावे तितकी आडनावे कमी होत जातात. नाव, बापाचे नाव आणि जात एवढेच लिहिलेले असते. आपण जे आडनाव शिवकालापासूनचे समजतो, ते कित्येकदा शाळामास्तरांनी नाव घालताना पहिल्यांदा कागदावर आणलेले असते.

हुद्द्याची झाली आडनावे

अलिबागजवळ आक्षीला एक शिलालेख आहे. शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ चा असे त्याचे वाचन झाले असून मराठीतल्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. त्यात राजाच्या प्रधानाचे नाव भइर्जू आणि पुढे 'सेणुई' असे येते. सेणुई हे आजच्या अर्थाने आडनाव नव्हे, ती ओळख होती. माणूस कोण, काय करतो, हे सांगण्याची ती पद्धत. पुढे तीच पद्धत आडनावांची खाण ठरली.

आपल्या किनाऱ्यावर पाहा. तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख. नाखवा हा शब्द फारसी 'नाखुदा' वरून आला. तोही गलबताचा धनी किंवा कप्तान. सारंगही तसलाच. आज तांडेल आडनावाचा मुलगा बँकेत कारकून असेल आणि नाखव्यांची मुलगी शिक्षिका असेल, पण आडनाव समुद्रावरचेच राहिले. म्हात्रे हे आडनाव 'महत्तर' या जुन्या शब्दाकडे नेतात. गावातला वडीलधारा, जाणता माणूस असा त्याचा अर्थ. उत्तर कोकणात पाटलाच्या हाताखालच्या अशा माणसाला म्हातारा म्हणत.

पाटील, खोत, देशमुख, कुळकर्णी हे तर सरळसरळ हुद्दे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, वंशपरंपरेची पाटीलकी १९६० नंतरच्या दशकात गेली, पण आडनावे जागच्या जागी आहेत. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ हे मूळचे भट. पेशवेपद मिळाले आणि पुढे त्या घराण्याला लोक पेशवे म्हणूनच ओळखू लागले. कान्होजी आंग्रे यांचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. १७२९ मध्ये ते गेले, आणि त्यांची समाधी अलिबागेत आहे. एवढ्या मोठ्या दर्यासारंगाचे आडनावही एका छोट्या वाडीवरून आलेले आहे, हे ध्यानात ठेवावे.

'कर' लागला म्हणजे गाव सुटले

आता 'कर' शेवटी असलेली आडनावे घ्या. पैज लावणारे इथे हमखास फसतात. नागावकर शोधायचे तर नागावात जावे, असे त्यांना वाटते. पण नागावात सगळेच नागावचे. तिथे कुणी कुणाला नागावकर कशाला म्हणेल? माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की नव्या गावचे लोक त्याला जुन्या गावाने ओळखतात. म्हणजे 'कर' हे गाव सोडल्याची खूण आहे. अशी घरे मूळ गावात कमी आणि मुंबई-ठाण्यात जास्त मिळतात. शोध घेताना मूळ गावापासून दूर जा, म्हणजे सापडेल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा बेने इस्राएल समाज. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी त्यांची परंपरा सांगते. ही मंडळी गावोगाव राहिली, तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बोली मराठी, पेहराव इथला, आणि आडनावे आपल्या गावांची : किहीमकर, नवगावकर, चेऊलकर, रोहेकर, पेणकर, अष्टमकर, दिवेकर, राजपूरकर. अशी त्यांची शंभराहून अधिक आडनावे आहेत. इस्राएल राष्ट्र १९४८ मध्ये झाले आणि पुढल्या वर्षांत यांतले बहुतेक तिकडे गेले. अलिबागेतली इस्राएल आळी आणि तिथले प्रार्थनामंदिर आजही त्यांची आठवण देते. तेव्हा किहीमकर आडनावाचे घर शोधायचे झाले तर ते किहीमपेक्षा इस्राएलमध्ये सापडण्याचा संभव अधिक!

यांतली काही नावे तुम्ही ऐकलेली आहेत, फक्त आडनाव ठाऊक नाही. 'बूट पॉलिश' (१९५४) सिनेमातला जॉनचाचा आठवतो? ते नट डेव्हिड. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपले चौल. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरूशा झिराड यांचे आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराड गावाचे आहे. तिथे 'कर' सुद्धा लागला नाही, गावच आडनाव होऊन बसले. मुंबईतले बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये बांधले ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी.

या दिवेकरांवरून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दिवेकर हे आडनाव हिंदू घरांतही आहे. गाव एक असू शकते, कूळ एक नसते. तेव्हा आडनाव जुळले म्हणून भावकी जुळली असे समजू नये, आणि आडनाव वेगळे म्हणून रक्त वेगळे असेही नाही. पैजेत "आमच्या भावकीबाहेरचे घर" ही अट घातली ती यासाठीच.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईला गेलात तर आणखी निराळा प्रकार. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता इथून गेली, पण गावातल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज वळणाची आडनावे आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली उरली. ती बोली आणि ती आडनावे एकत्र मिळायची तर याच गावात. दुर्मीळ म्हणून कुणी मिरवायचेच असेल, तर कोर्लईकरांनी मिरवावे.

कानावर विश्वास ठेवू नका

आम्हा शेतीच्या माणसांना भोपळे, दोडके, पडवळ, गाजरे, मुळे, भेंडे अशी आडनावे ऐकली की बाजाराची पाटी डोळ्यांपुढे येते. पण आडनावात भाजी दिसली म्हणून पूर्वज माळीच होता असे नाही. गावाचे नाव, चिडवण्यासाठी पडलेले नाव, देवकाचे झाड किंवा उच्चाराची झीज, यांतले काहीही मागे असू शकते. अर्थ लावायचा मोह सर्वांना होतो. पुरावा असेल तरच सांगावा, नसेल तर गंमत म्हणून सोडून द्यावे.

काही आडनावे का नाहीशी होतात, हेही पाहावे. घरात मुलीच झाल्या, कुणी परगावी गेला, शाळेत मुले चिडवतात म्हणून कुणी आडनाव बदलून गावाचे 'कर' लावले. आपल्या खारजमिनीत काळा राता, भुरा राता असे खारेपण सोसणारे जुने भात होते. ज्यांनी बी राखले त्यांच्याकडे ते राहिले, ज्यांनी पेरले नाही त्यांच्याकडून गेले. आडनावाचेही तसेच आहे. चालवणारा हवा.

आता सातबारा काढा

इथपर्यंत गंमत झाली. आता कामाचे बोलू.

आडनाव दुर्मीळ असले तर एक अडचण, आणि गावभर एकच असले तर दुसरी. लिहिणाऱ्याने जे आडनाव कधी ऐकलेलेच नसते, ते तो ओळखीच्या आडनावासारखे लिहून टाकतो. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना असे पुष्कळ ठिकाणी झाले. वेलांटी गेली, अक्षर बदलले, कुठे आडनावच गळाले. उलट पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत यांच्या गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे आणि एकाच आडनावाचे दोन-दोन खातेदार निघतात. एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याची भीती तिथे असते.

तिसरी अडचण आपल्या भागात फार. एका भावाने जुने आडनाव ठेवले, दुसऱ्याने आजोबांच्या पाटीलकीवरून पाटील लावले. जमीन एक, आडनावे दोन. बाप होता तोवर चालले. बाप गेला आणि वारस नोंदीची वेळ आली की दोघे सख्खे भाऊ आहेत हे कागदावर दाखवता दाखवता पुरेवाट होते.

या नावाची किंमत काय, ते आपल्या जिल्ह्याने पूर्वी मोजलेली आहे. खोतीच्या काळात कसणाऱ्याचे नाव कागदावर नसे. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांच्या कुळांनी खोतांची शेते पडीक ठेवली, जंगलातली लाकडे विकून पोट भरले, पण मागे हटले नाहीत. पुढे कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणाऱ्याला मालकीचा मार्ग मोकळा झाला. तुमच्यापैकी कित्येकांच्या सातबाऱ्यावरचे आजोबांचे नाव त्या काळात चढलेले आहे. ज्या नावासाठी लोकांनी उपास काढले, ते नाव एका वेलांटीपायी अडून राहू नये.

आज प्रत्येक योजनेत यंत्र नाव जुळवते. २०१९ पासून सुरू झालेल्या पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार रुपये असोत, पीकविमा असो, की शेतकरी ओळख क्रमांक असो, सातबारा आणि आधार यांवरचे नाव एक नसले की अर्ज अडकतो. तलाठी तुम्हाला ओळखतो, पण यंत्र ओळखत नाही.

काय करावे

पहिले काम, पाच कागद एका ओळीत मांडा : सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचे पुस्तक आणि शाळेचा दाखला. घरातल्या शिकत्या मुलाला पाचही कागदांवरचे नाव अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचायला सांगा. इंग्रजी अक्षरेही पाहायला सांगा. एकच 'भोईर' इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळेल.

दुसरे, चूक कुठे आहे ते ठरवा. सातबाऱ्यावर लेखनाची चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि त्या नोंदीचा फेरफार जोडावा. मूळ फेरफारात नाव बरोबर असेल आणि नंतर बिघडले असेल, तर काम सोपे होते. चूक आधारवर असेल तर आधार दुरुस्त करावे, सातबारा बदलायला जाऊ नये. आडनावच बदलले असेल तर शासनाच्या राजपत्रातली प्रसिद्धी जपून ठेवावी.

तिसरे, घरातला खातेदार वारला असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यांना, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारसांची खबर द्यावी. नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वर्षानुवर्षे मयताचे नाव तसेच ठेवले तर पुढे वारसांचे वारस गोळा करावे लागतात, आणि त्यांतले निम्मे मुंबईला असतात. उरण-पनवेलकडे जमिनी संपादनात गेल्या, तिथल्या लोकांना वारस दाखवणे म्हणजे काय ते विचारा.

चौथे, मुलींचे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. पण लेक सासरी गेली की आडनाव बदलते. सातबाऱ्यावर माहेरचे, आधारवर सासरचे. भगिनींनो, लग्नाचा नोंदणी दाखला आणि शाळेचा दाखला या दोन कागदांनी ती दोन आडनावे जोडली जातात. ते एका पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते आपल्या मुलांना सांगा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही यायचे आहे : बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, मग आडनाव. नव्या बाळाच्या जन्मदाखल्यावर हा क्रम बरोबर आहे ना, हे घरी आणण्यापूर्वीच पाहून घ्या.

पाचवे, जुने कागद वाचताना बिचकू नका. त्यावर जिल्हा कुलाबा असेल. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाब्याचे रायगड झाले. जिल्ह्याचे नाव बदलले तरी जमीन तीच राहिली, कारण बदलाची नोंद सरकारी कागदावर आहे. तुमच्या आडनावाच्या बदलाचीही तशीच नोंद असू द्या.

पैज हरला त्याने काय द्यावे

शहाळी द्यावीतच. पण आमची एक सूचना आहे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या घरी एक संध्याकाळ बसावे आणि दोघांनी मिळून त्या घरची वंशावळ एका मोठ्या कागदावर लिहावी. वर माहीत असलेला सर्वांत जुना पूर्वज, खाली त्याची सारी मुले, मुलींसकट. प्रत्येकापुढे जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष, कोणत्या कागदावर कोणते आडनाव आहे ते, आणि कोण कुठे स्थायिक झाले ते. हे काम घरातली आजी जिवंत आहे तोवरच होते. कोणत्या भावाने आडनाव केव्हा बदलले, कोणती आत्या कुठे दिली, हे तिला पाठ असते आणि कोणत्याही कचेरीत ते सापडत नाही.

अशी वंशावळ वारस नोंदीच्या अर्जाला उपयोगी पडते आणि वाटपाच्या वेळी भांडण टाळते. नारळी पौर्णिमेला मुंबईची मंडळी गावी येतील, त्या दिवशी हा कागद ओटीवर मांडा आणि ज्याच्या त्याच्याकडून आपले नाव तपासून घ्या.